वर्डचा टूलबार आपल्या हाताला बसेल असा कसा लावायचा

तहसील कार्यालयाबाहेर टायपिंगचं छोटं दुकान असलेल्या एका ताईंकडे मी मागे प्रतिज्ञापत्र करून घ्यायला गेलो होतो. समोर चार माणसं थांबलेली आणि ताईंचा टायपिंगचा वेग असा, की बोटं दिसू नयेत. पण प्रत्येक नव्या कागदाला त्यांचा हात अडायचा. माउस वर न्यायचा, ‘लेआउट’ उघडायचं, मग ‘मार्जिन्स’, त्यात अगदी खाली ‘कस्टम मार्जिन्स’. तिथे वरचा समास वाढवायचा, कारण स्टँप पेपरवर छापील भाग सोडून खालून मजकूर सुरू करावा लागतो. मग ‘साइज’मध्ये जाऊन ‘लीगल’. मग फॉन्ट, मग ओळींमधलं अंतर. एवढं झाल्यावर कुठे पहिलं अक्षर उमटायचं.

“ताई, दर वेळी हे सगळं करता?”

“मग काय करणार दादा, वर्ड उघडलं की असंच येतं ना ते.”

असंच येतं, हे खरं आहे. पण ते तसंच ठेवायला हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. संगणकाच्या वर्गात आपल्याला अक्षरं ठळक करायला शिकवतात, तक्ता घालायला शिकवतात, पण वरची पट्टी आपल्या कामाप्रमाणे लावून घेता येते हे क्वचितच कुणी सांगतं. मी गेली बरीच वर्षं मुद्रितशोधनाचं काम करतो, दिवाळी अंकांच्या दिवसांत तर सकाळपासून रात्रीपर्यंत वर्ड उघडंच असतं. मलाही ही गोष्ट फार उशिरा कळली, म्हणून इतक्या आग्रहाने सांगतो आहे.

नव्या घरात राहायला गेल्यावर मिसळणाचा डबा पहिल्या दिवशीच ओट्याशी येतो. मोहरी, हळद, तिखट, जिरं, हिंग हाताशी. जायफळ वरच्या फळीवर, कारण ते सणावारी लागतं. वर्डमध्ये मात्र आपण हळद आणि जायफळ एकाच फळीवर ठेवतो आणि फोडणी तडतडत असताना रोज स्टुलावर चढतो.

ही फळी इतकी भरली कशी, हे थोडक्यात सांगतो. वर्ड पहिल्यांदा १९८३ साली आलं ते विंडोजआधीच्या डॉस या प्रणालीवर चालणारं, आणि विंडोजवर आलं १९८९ साली. त्या पहिल्या विंडोज आवृत्तीत साधारण १०० कमांड होत्या आणि टूलबार दोन. वर्ड ९७मध्ये टूलबार १८ झाले. वर्ड २००३पर्यंत ते ३१वर गेले आणि कमांड १,५००च्या वर. वकील, पत्रकार, विद्यार्थी, सरकारी कारकून, अभियंता, प्रत्येकाने काहीतरी मागितलं आणि ते सगळं एकाच पडद्यावर येऊन बसलं. म्हणजे समोर दिसणारी पट्टी तुमच्यासाठी बनलेली नसून सगळ्यांची सरासरी काढून बनलेली असते.

या सरासरीबद्दलची एक माहिती मला फार बोलकी वाटते. वर्ड ज्याचा भाग आहे त्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसची नवी मांडणी तयार करणाऱ्या गटातले जेन्सन हॅरिस यांनी २००६च्या सुमारास वर्ड २००३च्या वापराचे आकडे जाहीर केले होते. सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या पाच कमांड होत्या पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड. दीड हजारांतल्या या पाचच कमांडांचा एकूण वापरातला वाटा सुमारे ३२ टक्के होता, आणि त्यात एकट्या पेस्टचा ११ टक्क्यांहून जास्त. म्हणजे माणूस फार थोडी बटणं पुन्हा पुन्हा दाबतो. मात्र या पाचांच्या पुढची बटणं प्रत्येकाची वेगळी असतात. माझी दुरुस्त्या मान्य-अमान्य करणारी ‘ॲक्सेप्ट’ आणि ‘रिजेक्ट’, ताईंची समासाची आणि छपाईची, प्रबंध लिहिणाऱ्याची तळटिपांची. ती तुमच्याऐवजी दुसरं कुणी ठरवू शकत नाही.

हे काम संगणकावर सोपवण्याचा प्रयत्नही होऊन गेला. ऑफिस २०००मध्ये मेनू आपोआप बदलायचे. जे वापरलं नाही ते लपायचं, वापरलं की वर यायचं. कल्पना ऐकायला छान, पण लोक वैतागले, कारण काल जिथे होतं तिथे आज काहीच नसायचं. बटणाचं नाव डोळ्यांच्या लक्षात राहत असेल, पण त्याची जागा हाताच्या लक्षात राहते, आणि जागा हलली की हात चुकतो. २००७ साली जुने मेनू आणि टूलबार काढून त्यांच्या जागी रिबन आली, म्हणजे ‘होम’, ‘इन्सर्ट’, ‘लेआउट’ अशा टॅबांची आजची रुंद पट्टी, आणि ते आपोआप हलणारे मेनूही गेले. रिबनमध्ये आपले टॅब घालण्याची सोय मात्र २०१०मध्ये मिळाली. तेव्हा टूलबार आपणच लावायचा आणि एकदा लावला की त्याचा क्रम शक्यतो हलवायचा नाही, हे पहिल्यापासून मनाशी धरा.

आधी एक दिवस फक्त मोजा

लगेच सेटिंगमध्ये शिरू नका. एक दिवस नेहमीचं काम करा आणि कीबोर्डशेजारी एक कागद ठेवा. माउस घेऊन वर गेलात की त्या बटणाचं नाव लिहा आणि पुढे रेघ मारा. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी, दूधवाल्याच्या हिशेबासारखी. संध्याकाळी पाहाल तर कागदावर वीसेक नावं असतील, पण रेघांची गर्दी सहा-सातच नावांपुढे. तीच तुमची हळद आणि मोहरी.

मी हे केलं तेव्हा माझ्या मनातली यादी आणि कागदावरची यादी यांचा मेळ बसला नाही. मला वाटायचं की मी ‘फाइंड अँड रिप्लेस’ सर्वात जास्त वापरतो. कागद सांगत होता की मी दिवसभर दुसऱ्याने केलेल्या दुरुस्त्या मान्य-अमान्य करत असतो आणि इकडून तिकडून आणलेला मजकूर नुसता, रंग-आकाराशिवाय चिकटवत असतो. अंदाजाने लावलेला टूलबार म्हणूनच फसतो.

वरची छोटी पट्टी

वर्डमध्ये रिबनच्या वर किंवा खाली एक बारीक पट्टी असते, क्विक ॲक्सेस टूलबार. आपल्या कामाचा खरा मिसळणाचा डबा हाच. टॅब कोणताही उघडा असो, ही पट्टी जागची हलत नाही. नव्या आवृत्त्यांत कधीकधी ती लपलेली असते. तसं असेल तर रिबनवर कुठेही उजवं क्लिक करा आणि ‘शो क्विक ॲक्सेस टूलबार’ निवडा.

त्यात बटण घालणं अगदीच सोपं आहे. रिबनवरच्या हव्या त्या बटणावर उजवं क्लिक करायचं आणि ‘ॲड टु क्विक ॲक्सेस टूलबार’ म्हणायचं. नको झालं तर छोट्या पट्टीतल्या बटणावर उजवं क्लिक करून काढायचं. एकेकट्या बटणाऐवजी अख्खा गटही घालता येतो. रिबनच्या तळाशी गटाचं नाव लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ ‘पॅराग्राफ’. त्या नावावर उजवं क्लिक केलं की पूर्ण गट एका बटणात गुंडाळून पट्टीत येतो.

मग पट्टी रिबनच्या खाली आणा. उजव्या क्लिकमध्येच ‘शो बिलो द रिबन’ असं मिळेल. हे नुसतं आवडीनिवडीचं नाही. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलेला एक नियम आहे: एखाद्या लक्ष्यापर्यंत हात पोचायला किती वेळ लागेल हे त्या लक्ष्याचं अंतर आणि आकार यांवर ठरतं. लांबचं आणि लहान असेल तर वेळ जास्त. टूलबारची बटणं लहान असतातच, ती पडद्याच्या अगदी वरच्या कडेजवळ ठेवली की लांबही होतात. खाली आणली की मजकुरापासूनचं अंतर कमी होतं आणि दिवसभरात मनगटाला ते जाणवतं.

आता या पट्टीतला खरा खजिना. ऑल्ट दाबा. पट्टीतल्या बटणांवर १, २, ३ असे आकडे उमटतील. ऑल्ट आणि १ दाबलं की पहिलं बटण चालतं, ऑल्ट आणि २ दाबलं की दुसरं. माउसला हात लावायची गरज नाही. मात्र एका आकड्यावर चालणारी बटणं नऊच. दहाव्यापासून ०९, ०८ असे दोन-दोन आकडे दाबावे लागतात आणि मग त्यातली गंमत जाते.

म्हणजे तुमच्याकडे नऊ मोक्याच्या जागा आहेत. आणि पहिल्याच जागांवर वर्डने कोणाला बसवलेलं असतं? सेव्ह, अनडू, रीडू. ही तिन्ही कामं कंट्रोल एस, कंट्रोल झेड आणि कंट्रोल वायने होतात, तीही डोळे मिटून. कीबोर्डची सवय असेल तर त्यांना पट्टीतून बिनधास्त काढा. ती जागा अशा कामांना द्या ज्यांच्यासाठी सोपं शॉर्टकट नाही किंवा असलेलं शॉर्टकट तुमच्या कधी लक्षात राहत नाही. माझ्या मते टूलबार लावण्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि नेमकी हीच बहुतेक जण करत नाहीत.

क्रम बदलायचा तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘क्विक ॲक्सेस टूलबार’ असं जा. डावीकडे सगळ्या कमांड, उजवीकडे तुमची पट्टी, आणि कडेला वर-खाली नेणारे बाण. डावीकडच्या यादीच्या डोक्यावर एक निवड असते, तिच्यात ‘कमांड्स नॉट इन द रिबन’ हा पर्याय जरूर उघडून पाहा. रिबनवर कुठेच न दिसणाऱ्या कमांड तिथे राहतात. उघड्या सगळ्या फायली एकदम बंद करणारी ‘क्लोज ऑल’, एकदम जतन करणारी ‘सेव्ह ऑल’, पूर्ण पडदाभर कागद दाखवणारी ‘टॉगल फुल स्क्रीन व्ह्यू’. अनेकांना ‘हे पूर्वी होतं, आता गेलं’ असं वाटणाऱ्या गोष्टी इथे सापडतात. त्याच यादीत ‘सेपरेटर’ नावाची उभी रेघही आहे. दुरुस्तीची बटणं एकीकडे आणि छपाईची दुसरीकडे अशी विभागणी करायला ती उपयोगी पडते.

एक सावधगिरी. ‘क्विक प्रिंट’ पट्टीत घालताना विचार करा. ते दाबलं की काहीही न विचारता कागद बाहेर येतो. स्टँप पेपर लावलेला असेल तर चुकीचं एक क्लिक महागात पडतं. त्यापेक्षा छपाईआधी पान दाखवणारं ‘प्रिंट प्रिव्ह्यू अँड प्रिंट’ बरं.

माझ्या नऊ जागा

मुद्रितशोधनात काय होतं ते जवळून दाखवतो. लेखकाकडून कथा येते, संपादक ‘ट्रॅक चेंजेस’, म्हणजे प्रत्येक बदल खुणेसह दाखवणारी सोय, लावून दुरुस्त्या करतात, लेखक त्यावर पुन्हा आपलं म्हणणं घालतो आणि शेवटी ती फाइल माझ्याकडे येते. लाल-निळ्या रेघांनी कागद भरलेला असतो. प्रत्येक दुरुस्तीपाशी थांबायचं, वाचायचं, आणि घ्यायची की सोडायची ते ठरवायचं. वेळ खरा लागायला हवा तो वाचायला आणि ठरवायला.

पण साध्या पद्धतीत होतं काय, तर नजर मजकुरावरून उठते, ‘रिव्ह्यू’ टॅबवर जाते, ‘ॲक्सेप्ट’चं बटण शोधते, क्लिक होतं आणि नजर परत मजकुरात आपली जागा शोधत बसते. एका वेळी तीनच सेकंद जातात असं धरू. एका हस्तलिखितात ४०० दुरुस्त्या असतील तर १,२०० सेकंद, म्हणजे वीस मिनिटं. पण वीस मिनिटांपेक्षा मला जास्त खुपतं ते नजर चारशे वेळा वाक्यातून उठणं. वाचनाचा धागा तिथे तुटतो, आणि ‘की’ आणि ‘कि’मधला फरक निसटतो तो नेमका अशा वेळी.

माझ्या पट्टीत पहिलं बटण आहे ‘ॲक्सेप्ट अँड मूव्ह टु नेक्स्ट’, दुसरं ‘रिजेक्ट अँड मूव्ह टु नेक्स्ट’. तिसरं ‘नेक्स्ट’, म्हणजे ठरत नसेल तर तूर्त सोडून पुढे. चौथं मागे जाण्याचं. आता डावा अंगठा ऑल्टवर, बोटं १ ते ४वर, आणि नजर मजकुरावरून हलतच नाही. पाचवं ‘कीप टेक्स्ट ओन्ली’, व्हॉट्सॲपवरून किंवा जालावरून उचललेला मजकूर नुसता चिकटवायला. सहावं फॉन्टची पूर्ण खिडकी उघडणारं बटण.

हे सहावं बटण मराठीत लिहिणाऱ्यांनी मुद्दाम समजून घ्यावं. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ या गटात धरतं आणि तिच्यासाठी फॉन्ट, आकार, ठळकपणा हे सगळं रोमन लिपीपासून वेगळं ठेवतं. एकाच परिच्छेदात मराठी आणि इंग्रजी दोन्ही असेल तर ‘होम’वर आकार बदलूनही कधी एका लिपीचाच बदलल्यासारखा दिसतो. फॉन्टच्या खिडकीत दोन्ही लिपींचे रकाने वेगवेगळे दिसतात आणि गोंधळ कुठे आहे ते लगेच कळतं. कंट्रोल डीनेही ती उघडते. लक्षात राहत असेल तर तेच वापरा आणि जागा दुसऱ्या कशाला द्या.

उरलेल्या तीन जागांपैकी दोन मी कामाप्रमाणे भरतो. एक मात्र मुद्दाम मोकळी ठेवतो, कारण नवं काम आलं की त्याला जागा लागतेच.

स्वतःचा टॅब कधी करावा

नऊ जागांत मावत नाही आणि कामं वेगवेगळी आहेत, असं असेल तर रिबनमध्ये स्वतःचा टॅब करा. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘कस्टमाइझ रिबन’, तिथे ‘न्यू टॅब’. त्याचं नाव देवनागरीत ठेवता येतं, त्यामुळे वरच्या इंग्रजी नावांच्या ओळीत ‘प्रबंध’ किंवा ‘कोर्टाची कामं’ असं लगेच नजरेत भरतं. टॅबमध्ये गट असतात आणि गटात कमांड. वर्डच्या मूळ गटांत तुम्हाला बटण घुसवता येत नाही, त्यासाठी आपला नवा गट करावाच लागतो. बरेच जण इथेच अडतात आणि हे होतच नाही असं समजून सोडून देतात. त्या मूळ गटातलं एखादं बटणही वेगळं काढता येत नाही, मात्र पूर्ण गट काढता येतो. कधीच न लागणाऱ्या टॅबपुढची खूण काढली की तो नाहीसा होतो, आणि पुन्हा खूण केली की परत येतो.

प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सुचवतो. तळटीप ‘रेफरन्सेस’मध्ये, आकृतीखालचा मजकूरही तिथेच, तक्ता ‘इन्सर्ट’मध्ये, पानाचा विभाग बदलणं ‘लेआउट’मध्ये. दोन-तीन वर्षं चालणाऱ्या कामासाठी हे सगळं एका टॅबमध्ये आणायला फार तर पंधरा मिनिटं लागतील.

शॉर्टकटही स्वतःचे करता येतात. त्याच ‘कस्टमाइझ रिबन’च्या पानावर खाली ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’पुढे एक बटण आहे. त्याहून जलद वाट अशी: कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा भाग असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि तिथली अधिकची कळ एकत्र दाबा. माउसच्या बाणाचं चार पाकळ्यांचं चिन्ह होतं. मग हव्या त्या बटणावर क्लिक करा, की त्याला शॉर्टकट देण्याची खिडकी थेट उघडते. नवी जुळणी दाबल्यावर ती आधी कशाला दिलेली आहे का ते तिथेच खाली दिसतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर नव्या शॉर्टकटच्या नादात जुना हातचा जाईल.

आणि मॅक्रो. चार-पाच पायऱ्या रोज त्याच क्रमाने करत असाल तर ‘व्ह्यू’, ‘मॅक्रोज’, ‘रेकॉर्ड मॅक्रो’ असं करून त्या एकदा नोंदवा. सुरुवातीलाच ‘बटण’ निवडलंत की मॅक्रो थेट छोट्या पट्टीत बसतो. माझा एक मॅक्रो दोन स्पेसांची एक स्पेस करतो आणि पूर्णविरामाच्या आधी पडलेली स्पेस काढतो. मोबाइलवर लिहिलेल्या कथांत या दोन गोष्टी हमखास असतात. मॅक्रो पुढे हाताने बदलायचा झाला तर एक अडचण येते. त्याच्या एडिटरमध्ये देवनागरी अक्षरं थेट टाइप केली की प्रश्नचिन्हं उमटतात, तिथे अक्षराचा युनिकोड क्रमांक द्यावा लागतो. आणि अनोळखी माणसाकडून आलेला मॅक्रो कधीही चालवू नका. मॅक्रो म्हणजे छोटा प्रोग्रामच असतो, आणि तो तुमच्या फायलींचं काहीही करू शकतो.

ताईंचं काय झालं

ताईंना मी आधी टूलबारच लावून देणार होतो. समासाचं बटण पट्टीत, कागदाच्या आकाराचं पट्टीत, अंतराचं पट्टीत. मग लक्षात आलं की ही बटणं त्यांना दर वेळी दाबावी लागतात याचं कारण बटणं लांब आहेत हे नाहीच. दर वेळी कोऱ्या कागदापासून सुरुवात होते, हे कारण आहे. बटण जवळ आणण्याआधी ते दाबण्याची गरजच संपते का, हे पाहायला हवं.

म्हणून आम्ही एक प्रतिज्ञापत्राचा नमुना केला. कागद लीगल, वरचा समास स्टँप पेपरच्या मापाचा, फॉन्ट आणि अंतर ठरलेलं, नाव-वय-पत्ता यांच्या जागा मोकळ्या. जतन करताना प्रकार ‘वर्ड टेम्प्लेट’ निवडला. आता त्या नमुन्याच्या फायलीवर दोनदा क्लिक केलं की त्याची नवी प्रत उघडते आणि मूळ सुरक्षित राहतो. असेच भाडेकराराचे आणि साध्या अर्जाचे नमुने झाले. शीर्षकं, क्रमांक घातलेले परिच्छेद यांच्यासाठी ‘स्टाइल्स’ ठरवून दिल्या, म्हणजे एक क्लिक केलं की फॉन्ट, आकार, अंतर सगळं एकदम लागतं.

एवढं झाल्यावर टूलबारवर ठेवायला फार थोडं उरलं: छपाईआधी पान पाहण्याचं बटण, पीडीएफ करण्याचं, फॉन्टच्या खिडकीचं आणि क्रमांक देण्याचं. चारच.

“एवढीच?” ताईंनी विचारलं. मी म्हटलं, महिनाभर वापरा, पाचवं लागलं तर तुम्हीच घालाल. आणि त्यांनी घातलंही.

लिबरऑफिस आणि गुगल डॉक्स

लिबरऑफिस हा मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखाच प्रोग्रामांचा संच मोफत आहे, त्याचा इंटरफेस मराठीतही मिळतो, आणि टूलबार बदलण्याच्या बाबतीत ते वर्डपेक्षा मोकळं आहे. ‘टूल्स’मध्ये ‘कस्टमाइझ’ उघडा. मेनू, टूलबार, उजव्या क्लिकचा मेनू, कीबोर्ड, या सगळ्यांसाठी वेगवेगळी पानं तिथे आहेत. डावीकडे शोधायची चौकट, उजवीकडे तुमचा टूलबार, मध्ये बाण. पूर्ण नवा टूलबारही करता येतो. वरच्या भागात ‘स्कोप’ असतो, तिथे बदल रायटरमधल्या, म्हणजे लिबरऑफिसच्या वर्डसारख्या प्रोग्राममधल्या, सगळ्या फायलींसाठी की फक्त या फायलीसाठी ते ठरवा. कीबोर्डच्या पानावर कमांडांच्या जोडीला ‘स्टाइल्स’ही दिसतात, म्हणजे ‘उपशीर्षक’ ही तुमची शैली थेट एका कळीवर बसवता येते. इतकं सगळं नको असेल तर टूलबारवर उजवं क्लिक करून ‘व्हिजिबल बटन्स’मधून नको ती बटणं नुसती लपवा. आणि ‘व्ह्यू’मधल्या ‘यूजर इंटरफेस’मध्ये जुन्या टूलबारसारखी मांडणी हवी की रिबनसारखी, हेही निवडता येतं. वर्ड २००३च्या सवयीच्या माणसाला तिथे घरी आल्यासारखं वाटतं.

गुगल डॉक्समध्ये टूलबार असा लावता येत नाही. तिथे शोधाचा आधार घ्यायचा: ऑल्ट आणि तिरकी रेघ दाबली की कमांडचं नाव टाइप करून ती चालवता येते. वर्डमध्येही ऑल्ट क्यूने असाच शोध उघडतो. सणावारी लागणाऱ्या जायफळासारख्या कमांडांसाठी ही वाट उत्तम, त्यांना टूलबारवर जागा देऊच नये.

लावलेलं जपून ठेवा

पट्टी आणि टॅब यांतले बदल साधारणपणे तुमच्या संगणकावर, तुमच्या लॉगिनखाली राहतात, फायलीबरोबर जात नाहीत. पट्टीच्या सेटिंगमध्ये उजवीकडे वर ‘फॉर ऑल डॉक्युमेंट्स’ असं लिहिलेलं असतं. तिथे उघडी फाइल निवडली तर ती बटणं त्या फाइलपुरती राहतात आणि फाइलबरोबर प्रवास करतात. कार्यालयात एकाच लॉगिनवर तीन-चार जण काम करत असतील तर हा पर्याय किंवा आपल्या नावाचा वेगळा टॅब बरा. दुसऱ्याच्या सवयीची पट्टी न विचारता हलवू नका, त्याच्या हाताचाही त्या जागांशी संबंध जुळलेला असतो.

कधी पूर्ण रिबनच नाहीशी झाली तर घाबरू नका. टॅबच्या नावावर दोनदा क्लिक झालं किंवा कंट्रोल एफ१ दाबलं गेलं की ती मिटते, आणि पुन्हा तेच केलं की उघडते. लावालावीत सगळंच बिघडलं असं वाटलं तर ‘रीसेट’ने मूळ मांडणी परत येते.

आणि मनासारखं लागलं की त्याच दिवशी प्रत काढून ठेवा. ‘कस्टमाइझ रिबन’च्या पानावर खाली ‘इम्पोर्ट एक्स्पोर्ट’ आहे, त्यातून ‘एक्स्पोर्ट ऑल कस्टमायझेशन्स’ केलं की एक छोटी फाइल मिळते. नव्या संगणकावर तीच फाइल ‘इम्पोर्ट’ करायची. मात्र इम्पोर्ट केल्यावर त्या संगणकावर आधी लावलेली पट्टी आणि टॅब पुसले जातात, तेव्हा दुसऱ्याच्या संगणकावर हे करण्याआधी त्याची मांडणी एक्स्पोर्ट करून ठेवा. स्वतः दिलेले कीबोर्ड शॉर्टकट या फाइलमध्ये येत नाहीत. ते, आणि नेहमीच्या पद्धतीने नोंदवलेले मॅक्रो, ‘नॉर्मल’ नावाच्या टेम्प्लेटमध्ये असतात, म्हणून त्या टेम्प्लेटचीही प्रत घ्या. ताईंच्या दुकानात आता एक पेनड्राइव्ह खिळ्याला टांगलेला असतो. त्यात तीन नमुने, पट्टीची ती छोटी फाइल आणि नॉर्मल टेम्प्लेटची प्रत आहे.